मागून चालणारी

दवाखान्यात तिला सगळे फेरीवाली म्हणत. विकत मात्र काही नसे ती. छातीच्या नव्या औषधाचा अभ्यास चालला होता, त्यात आजारी माणसांना व्हरांड्यात सहा मिनिटं चालवायचं आणि त्यांच्या फेऱ्या मोजायच्या, एवढंच तिचं काम. दोन्ही टोकांना एकेक लाल शंकू. तिनं मागून चालायचं, बरोबरीनं नाही. बोलायचं तेही कागदावरचंच: छान चाललंय, अजून इतकी मिनिटं. लाडीगोडीनं कुणी जास्त चाललं, तर औषधाचा गुण कळणार कसा?

एकदा तिचा धाकटा भाऊच चालायला आला. फुप्फुसं पार वाळलेली, पण जिभेला हाड नाही. म्हणाला, लहानपणी मी तुझ्या मागं पळायचो, आता तू पळ.

चौथ्या मिनिटाला मात्र मान न वळवता त्यानं विचारलं, "ताई, थांबू का?"

दमलात तर भिंतीला टेका, हेही त्याच कागदावर होतं, अगदी खालच्या ओळीत. ऐनवेळी ते आठवलं नाही. सवयीनं तोंडून निघालं, "छान चाललंय. अजून दोन मिनिटं."

ताईचा शब्द त्यानं जन्मात मोडला नव्हता. पलीकडच्या शंकूपाशी वळता वळता बसला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, तसेही फार दिवस नव्हते. त्यानं का जीव निवतो? त्याला थांब म्हणायचं राहिलं, ते राहिलंच.

तेव्हापासून समोर माणूस एक चाले, पावलं दोघांची वाजत. घासत जाणारी ती चप्पल त्याचीच. हातातल्या मोजणीयंत्रात रोज एक फेरी जास्त भरायची.

मग एक दिवस एका म्हातारबुवांनी चौथ्या मिनिटालाच विचारलं, बाई, थांबू का? पुढची चप्पलही थबकली.

ती झपझप पुढं गेली, बुवांच्या हाताला धरलं आणि म्हणाली, "थांब रे बाळा. बस झालं."

ऐंशीच्या घरात बाळ झालो म्हणून बुवा हसत खुर्चीवर टेकले. डॉक्टरांनी बुवांच्या फेऱ्यांची नोंद बाद केली, तिला चार शब्द सुनावले. ती मान खाली घालून उभी, कान व्हरांड्याकडे.

संध्याकाळी शंकू उचलायला गेली, तर सगळं शांत. निम्म्या वाटेवर पावलं वाजली. या खेपेला तिच्या मागून. नियमाप्रमाणे, बरोबरीनं नाही.

पलीकडच्या शंकूपाशी तिचे पाय जड झाले. मान न वळवता तिनं विचारलं, "थांबू का रे?"

आणि उत्तर येईपर्यंत चालत राहिली.