आधी ओळी, मग यादी

हातखंब्याजवळच्या एका पॉलिटेक्निकात मृणाली बारा वर्षं सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत होती. मुलं तिला टरकून असत. चालत्या प्रोग्रॅममध्ये दोन मितींचा अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, बनवायचा तर आधी ओळींच्या पत्त्यांची यादी, मग एकेका ओळीला जागा. जागा परत करताना उलट, आधी ओळी, मग यादी. यादीच आधी टाकून दिली, तर ओळी मेमरी अडवून बसतात आणि त्यांचे पत्ते कोणाकडेच उरत नाहीत. हे ज्याचं चुके, त्याची वही ती सरळ भिरकावून देई.

आणि नेमकं हेच बाईने स्वतः करून ठेवलं.

कातळवाडीच्या डोंगरावर दरडीची आगाऊ सूचना देणारं यंत्र बसलं, त्याचा प्रोग्रॅम मृणालीने हौसेने, फुकट लिहून दिला. दर तासाला पावसाच्या आकड्यांचा नवा तक्ता, आणि पाऊस जास्त तर तक्ता मोठा. काम झालं की प्रोग्रॅम यादी परत करी, पण ओळी परत करायचं लिहायला ती विसरली होती. एप्रिलात चार दिवस चाचणी झाली, टाळ्या पडल्या. जुलैत संततधारेच्या नवव्या दिवशी मेमरी संपली, यंत्र गप्प झालं आणि दुपारी दोनला दरड आली. पाच माणसं गेली.

यंत्राच्या भोंग्याजवळ राखणीला म्हातारा विठू असे. भोंगा वाजला की घंटा बडवून वाडी खाली करायची, एवढंच त्याचं काम. चौकशीवाल्यांना प्रोग्रॅम वाचता येत नव्हता, म्हातारा मात्र आयता समोर होता. भोंगा वाजलाच नाही, हे त्याचं कोण ऐकतो? जेवून झोपला, असं लिहून त्यांनी हात झटकले. गेलेल्यांत विठूची नात दिशाही होती. त्याची बायको सगुणा त्या दिवसापासून त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

दिवाळीआधी दुसऱ्या वाडीसाठी मृणालीने तोच प्रोग्रॅम उघडला आणि परत न केलेल्या ओळी तिला दिसल्या. सांगितलं नसतं तर कोणाला कळणारही नव्हतं. पाचव्या दिवशी चौकशीवाल्यांच्या नावे लेखी कबुली टपालात टाकून ती विठूच्या पडवीत येऊन बसली.

"विठूकाका, भोंगा वाजलाच नव्हता. चूक माझी होती."

"मी जागाच व्हतो, बाय. सगली म्हनाली झोपलास, तवा मालाबी वाटाय लागला, झोपलो आसेन." आणि विठू हुंदके देऊन रडायला लागला.

आतली भांड्यांची खुडबुड थांबली होती. थोड्या वेळाने सगुणा बाहेर आली. हातात चहाचा एकच कप होता. तो तिने विठूपुढे ठेवला.

"घ्या," ती म्हणाली.

मृणालीकडे तिने पाहिलंही नाही.