पाचट न जाळण्याचा ठराव

ग्रामसभेत ठराव झाला तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो आमच्या शेजारच्या मावशीनं. धाराशिव जिल्ह्यात, बेंबळीच्या पुढं आमचं गाव. ऊस तुटून गेला की रानात वाळका पाला उरतो, पाचट. आजवर सगळे त्याला काडी लावून मोकळे व्हायचे. यंदा जाळायचं न्हाय, यंत्रानं बारीक करून मातीत मुरवायचं, धूर टळेल, ओल टिकेल, असं ठरलं. हवामान बदलतंय, गावानंही काहीतरी करावं म्हणून एक समिती नेमली होती. तिची सचिव मी. म्हणजे फुकटची दगदग माझी.

कृषी कार्यालय यंत्र देणार, एक स्वयंसेवी संस्था ट्रॅक्टर देणार, ग्रामपंचायत डिझेल टाकणार. ऐकायला लई भारी! संस्था म्हणे, यंत्र आलं की ट्रॅक्टर पाठवू. कार्यालय म्हणे, यंत्र न्यायला ट्रॅक्टर आणा, सोबत पंचायतीचं पत्र आणा. ग्रामसेवक म्हणे, आधी संस्थेचं पत्र येऊ द्या. तू राणी मी राणी, पाणी कोण आणी? धाराशिवला माझ्या चार खेपा झाल्या. दर बैठकीत चहा, बिस्किटं आणि शेवटी एकच वाक्य, 'समन्वय वाढवूया.' अरे, मग वाढवा की! तो शब्द ऐकला की माझं डोकं उठायचं.

मावशीचा ऊस पहिल्याच तोडीत गेला होता. दीड एकर रान आणि एकटीचं पोट. बुडख्यातून पुन्हा फुटणारा खोडवा नीट आला तरच तिचं पुढचं वर्ष निघणार. रोज सकाळी दारात यायची.

"बाई, आलं का मशीन?"

"चार दिवस थांबा, मावशी."

असं चार-चार दिवस करत महिना गेला. बाकीच्यांनी गुपचूप जाळून पाणी सोडलं. मी भांडले, वर शिव्या खाल्ल्या. मावशी तेवढी थांबली. म्हणायची, "चारचौघांत हात वर केलाय म्या. आता माघारी कशी फिरू?"

एके दिवशी तिनं मला रानात नेलं आणि पाचट उचकून दाखवलं. खालचे फुटवे उजेडाविना पिवळे पडलेले, वाकडेतिकडे. सरीतून पाणीही पुढं सरकत नव्हतं. मी तिथूनच कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस खुशीत म्हणाला, "मॅडम, तुमचं गाव धूरमुक्त म्हणून वर कळवलंय. दोन-तीन फोटो पाठवा ना." मी फोन कट केला.

"मावशी, जाळून टाका," मी म्हणाले.

तिनं कमरेच्या पिशवीतून काडेपेटी काढली. घरूनच घेऊन आली होती. माझ्या हातात दिली.

"तू थांब म्हणलीस, मी थांबले. आता काडी बी तूच लाव."

लावली. पाचट भडकलं तसे ते कोवळे फुटवे चरचरले. धुराचा लोट आभाळाला गेला. मावशी बांधावर उभी राहून बघत होती. आता ही मला धू धू धुणार म्हणून मी मान खाली घालून उभी. तिनं माझा दंड धरला.

"चल घरी. तू तरी एकटी काय करशील?"

तिच्या त्या समजूतदारपणाचा मला इतका राग आला, की भर रानात हमसून हमसून रडले.