निरगुडीची डहाळी

निरगुडीचा उग्र वास आला की आजही माझं डोकं फिरतं. ऐंशीच्या दशकात मी बोईसरच्या एका कारखान्यात होतो. डोंगरपाड्यावरचा एक दोस्त माझ्याच खात्यात होता. पन्नास किलोमीटरच्या डोंगरशर्यतीसाठी आम्ही वर्षभर दर सुट्टीला सोबत धावलो. शर्यतीत तो अनवाणी, माझ्या बराच पुढे होता. एका फाट्यावर मी गोंधळून थांबलो, तर चुकीच्या वाटेवर ताजी मोडलेली निरगुडीची डहाळी आडवी पडलेली. ही खूण त्यानेच मला शिकवली होती. मी दुसऱ्या वाटेने सुटलो आणि त्याच्यामागून दुसरा आलो. मग कुणीतरी तक्रार केली, आणि पंचाने त्यालाच बाद केलं. म्हणे, फांदी टाकून रस्ता अडवला! “अडवला नाय सायेब, मागचा मानूस चुकू नये म्हणून टाकली. आमी सगलेच टाकतो,” तो परोपरीने सांगत होता. पंच हसला. “तुमचे जंगलातले कायदे इथे नकोत.” अरे, ज्या डोंगरात शर्यत लावलीत तो त्याचाच ना! पहिला म्हणून माझं नाव पुकारलं, तेव्हा दोस्ताने माझ्याकडे पाहिलं. त्या पंचाला मी अजून शिव्या घालतो. पण तेव्हा मी तोंड मिटून पुढे गेलो आणि कप घेतला.