न वाचता लावलेलं दार

बाबांना परळच्या ज्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, तिथल्या वॉर्डात लॅबचे रिपोर्ट आणणारा प्रोग्राम मीच लिहिला होता. लालबागच्या आमच्या चाळीत त्याचं केवढं कौतुक! मीही चांगलीच शेफारले होते.

त्या दुपारी बाबांच्या रक्तातलं पोटॅशियम तपासायला गेलं होतं. ते वाढलं तर हृदय थांबू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन तास झाले तरी स्क्रीनवर बाबांच्या नावापुढे काही येईना. "लॅबलाच उशीर असेल," सिस्टर म्हणाल्या. मला राहवेना. मी लॅबला फोन केला.

"केव्हाच पाठवलाय, मॅडम. शेवटचाच होता, पाठवला आणि कनेक्शन बंद केलं."

काय झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं. समोरच्याने कनेक्शन तोडल्याची खबर आली, की माझा प्रोग्राम लगेच आपलंही सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं आपल्याकडचं दार, बंद करायचा. येऊन पोचलेलं, पण अजून न वाचलेलं, सगळं टाकून द्यायचा. मीच तसं लिहिलं होतं, आणि त्यात काही चुकतंय असं मनातही आलं नव्हतं. संपात बाबांच्या गिरणीचं गेट बंद झालं तेव्हा मी सात वर्षांची होते. गेट बंद झालं की आतलं गेलं, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवावं लागलं नाही.

"आकडा सांगा, आत्ताच्या आत्ता!" मी फोनवर ओरडलेच. तो आकडा मी मोठ्याने म्हणताच सिस्टर डॉक्टरांकडे धावल्या. बाबांच्या बेडभोवती पडदा ओढला गेला आणि मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. बापाला मारलंस, एवढंच डोक्यात. गावच्या देवाला काय काय कबूल केलं, ते आजही आठवत नाही.

"वेळेत कळलं," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले.

संध्याकाळी प्रोग्राम दुरुस्त केला. आधी आलेलं सगळं वाचायचं, काही उरलं नाही की मगच सॉकेट बंद करायचं. काम चार ओळींचं, पण प्रत्येक ओळ मी दहादा तपासली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "रिपोर्ट खंय होतो गो?"

"आतच होता, बाबा. समोरचा गेला म्हणून मी न बघताच दार लावलं."

"संपात माझो जेवणाचो डबोय तसोच आत रवलो," बाबा म्हणाले. "गेट लावच्या आधी कोणी बघूक नाय."