निळी मडकी

मला सस्टेनेबिलिटीचं खातं मिळालं ते माझ्या आवाजामुळे. वाळूजला आमची कंपनी गाड्यांचे रबरी भाग बनवायची आणि पोलंडमधला एक लहानसा कारखाना विकत घ्यायच्या खटपटीत होती. तिकडच्या बड्या गिऱ्हाइकाने कळवलं, या जरूर, पण आधी तुमचं पर्यावरणाचं धोरण दाखवा. साहेबांनी मीटिंगमध्ये एकेकाचं तोंड न्याहाळलं आणि माझ्यापाशी थांबले.

"तू कॉलेजात नाटकं करायचास ना?"

"दोनदा बक्षीस आहे सर."

"मग हे तुझ्याकडे."

मी हरखलो. महिन्याभरात कार्बन, पुनर्वापर, भावी पिढ्या असले शब्द मी अशा खर्जात उच्चारू लागलो की अकाउंट्सच्या बायका चहा सोडून ऐकत. शब्द झाले. आता दाखवायचं काय?

दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. शहर बायपास ओलांडून पसरत होतं, नव्या कॉलन्यांत नळ आठवड्यातून एकदा यायचा, न येण्याची शक्यता धरून. कंपनीची हिरवळ पिवळी होऊन, पिवळीची माती होऊन वाऱ्यावर गेली होती. हिरवी उरली होती ती कुंपणालगतची कडुलिंबाची चाळीस रोपं. आमच्या कोणत्याही धोरणात ती नव्हती. ती माळीमामांची होती.

माळीमामा कन्नड तालुक्यातले, साठीच्या आसपासचे. त्यांनी औरंगपुऱ्यामागच्या कुंभाराकडून मडकी आणून प्रत्येक रोपाशेजारी एकेक गळ्यापर्यंत पुरलं होतं. कॅन्टीनमध्ये भाज्या धुतलेलं पाणी रोज त्यात ओतायचं, वर कौलाचा तुकडा झाकायचा. मडक्याला घाम येतो आणि मुळं तो घाम पितात. खर्च जवळपास शून्य. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा अक्षरशः टाळी वाजवली. सापडलं! पोलंडला दाखवायला याहून सुंदर काय?

फक्त दिसायला ते जरा गचाळ होतं.

तिथे माझ्यातला नेपथ्यकार जागा झाला. पोलंडचे पाहुणे पाहणीला यायला पंधरा दिवस होते. मी सगळी मडकी उपटायला लावली, शहागंजातून कंपनीच्या निळ्या रंगाचा ऑइलपेंट मागवला आणि पेंटर बसवला. आधी चाळीस मडक्यांचा एका ओळीत फोटो काढायचा, मग ती परत पुरायची, असा बेत. पोटावर कंपनीचं बोधचिन्हसुद्धा काढून घेतलं. ते मातीखाली जाणार होतं. पोट रंगवू नका, हे मला कुणी सांगितलं नाही. खरं तर सांगितलं. माळीमामांनी सांगितलं.

"साहेब, गळ्याला लावा रंग. पोटाला नका."

"का हो?"

"मग त्याला घाम येत नाय."

"मामा," मी दोन्ही हात पसरून म्हणालो, "एवढ्या उन्हात आपल्याला येतो, त्याला कसा येणार नाही?"

पेंटर हसला. मामाही हसले, माझा मान ठेवण्यापुरते. मला वाटलं, वाक्य जमलं.

पाहुणी आली ती पन्नाशीची बाई, उन्हात लालबुंद झालेली, पायांत चालायचे बूट. मी तिला कुंपणाशी नेलं आणि एकेका मडक्यावरचं कौल जादूगारासारखं उचललं. प्रत्येक मडकं काठोकाठ भरलेलं. "पाहा," मी म्हणालो, "काल भरलेली. झाडांना लागतंच किती थोडं पाणी!" तिने वाकून रोपाच्या बुडाशी बोट खुपसलं. माती ओली होती. पाला तजेलदार होता. तिने वहीत बरंच काही लिहिलं आणि विचारलं, हे कुणाचं डोकं? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "आमच्या टीमचं." मामा दहा पावलांवर फावडं धरून उभे होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण छातीवरचा हात दिसत होता.

तिची गाडी गेल्यावर ते माझ्याजवळ आले.

"नाटक लई भारी झालं साहेब. आता मडकी बदला."

"का? भरलेली तर आहेत."

"व्हय. दहा दिस झालं, भरलेलीच हायेत. थेंब सोडला नाय त्यांनी."

"मग माती ओली कशी?"

त्यांनी सायकलकडे बोट केलं. हँडलला दोन कॅन लटकत होते. कॅन्टीनचं पाणी वरून घालून पुरत नव्हतं, म्हणून ते रोज पहाटे घरच्या ड्रममधलं पाणी आणून तांब्यातांब्याने बुडाशी घालत होते. घरचा ड्रम म्हणजे आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाचा. मी शरमलो, हे खरं. पण शरमेत मी फार वेळ थांबलो नाही, हेही खरं.

"पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून घातलं," ते म्हणाले. "आता घरी बोंब हाय. बायको कॅन लपवून ठेवती. कोरी मडकी द्या, तेवढी चाळीस झाडं जगतील."

चाळीस मडकी आणायला एक दुपार पुरली असती. पण निळ्या मडक्यांचा फोटो कंपनीच्या पर्यावरण अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला होता. पोलंडचे आणखी कुणी अचानक येऊन टपकले आणि एखादं मडकं उपटून त्याचं लाल पोट पाहिलं तर काय सांगायचं? बाईने बोट खुपसून ज्यावर विश्वास ठेवला ते खोटं होतं असं? मी आवाज मऊ केला. तो मला उत्तम मऊ करता येतो.

"मामा, करारावर तिकडची सही होऊ द्या. पंधरा-वीस दिवस कळ काढा."

त्यांनी रोपांकडे पाहिलं. "मी काढतो हो. झाडाला असं सांगता येत नाय."

सही व्हायला अडीच महिने लागले. त्यात अख्खा मे गेला. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. ऊन फार, असं सगळ्यांना सांगितलं. रोपं आधी टोकाकडून वाळली, मग खोड बोटाने मोडू लागलं. मामा भाज्यांचं पाणी वरून ओतत राहिले, तापलेली माती ते गिळत राहिली. शेजारी चाळीस निळी मडकी भरलेली.

पुढच्या अहवालात मी लिहिलं की आमच्या वृक्षांची पाण्याची गरज पूर्णपणे संपली आहे. सगळ्या अहवालातलं ते एकमेव खरं वाक्य. पोलंडमध्ये ते आवडलं. उद्घाटनाला गेलो तेव्हा तिकडच्या स्वागतकक्षात तसलीच दोन निळी मडकी होती, आत प्लास्टिकची फुलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. मला टाळ्यांचा आवाज आवडला नाही असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

परत आलो तर मामांनी काम सोडायचं ठरवलं होतं. मडकी उपटून, धुऊन, गेटपाशी रचून ठेवली होती.

"ही नेऊ का साहेब? तुम्हाला तर आता लागायची नायत."

"न्या की. पण काय करणार?"

"नळाचं पाणी भरून ठिवीन. कॉलनीत वाटीन." त्यांनी एका निळ्या पोटावर, बरोबर बोधचिन्हावर, टिचकी मारली. "साठवायला झकास हायेत. झिरपतच नायत."

यात टोमणा होता की नाही, मी अजून ठरवू शकलेलो नाही. गेटबाहेर काहीही न्यायला पास लागायचा आणि पासावर माझी सही चालायची. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यापाशी माझं पेन अडलं. एरवी मी तिथे भाषण ठोकलं असतं. माफी मागायला ती एक ओळ पुरेशी होती आणि वॉचमनशिवाय ती कुणी वाचणारही नव्हतं.

मी लिहिलं, 'भंगार, नग चाळीस.' मामांनी पास दोन्ही हातांनी घेतला, घडी घातली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "हळू घे रं, फुटतील."