रुखवतातला बुलबुल

सुईशी माझं कधी जमलं नाही. रुमालावर गुलाब काढायला घेतला की त्याचा कोबी व्हायचा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न ठरलं आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. कारण रुखवत. त्यात मुलीच्या हातचं भरतकाम मांडायचं आणि वराकडच्या बायकांनी एकेक कापड उलटं करून मागच्या गाठी बघायच्या, ही आमच्याकडची रीत. हसं झालंच तर ते आईचं होणार होतं. पोरीला काय शिकवलं, हे आईलाच विचारतात.

मावशीने भरलेले रुमाल माझे म्हणून मांडू, असं आई म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. हट्टी तर मी जन्माचीच. शिंप्याकडून मांजरपाटाची थैली शिवून आणली, शाळेतल्या उरलेल्या रंगाच्या वड्या काढल्या आणि धामणगावच्या आमच्या परसात तोंडल्याच्या वेलासमोर बसले. तिथे एक बुलबुल पिकली तोंडली खायला रोज यायचा, वेल जणू त्यानेच लावलेला. तोच थैलीवर उतरवला. शेंडी, काळं डोकं, शेपटीखालचा लाल ठिपका. इतकी खूश झाले की जेवायचं विसरले. आईने बघितलं आणि कपाळाला हात लावला.

लग्नाच्या दिवशी सासूबाई रुखवत बघायला आल्या. संग्रामपूरकडच्या त्या, मागे बायकांचा घोळका. मला शेजारी उभं केलं होतं. त्यांनी थैली उचलली आणि आतली बाजू बाहेर काढली. रंग कापडातून आरपार उतरला होता, म्हणून तिकडेही तसाच बुलबुल. नजर अधू असल्यामुळे त्या बोटांनीच बघत होत्या.

"एक गाठ नाही," त्या म्हणाल्या. "हात साफ हाये पोरीचा."

आईचा चेहरा असा खुलला म्हणता! लगेच तिने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. गप्प राहायचं, हे मला कळलं. नवरीने तसंही बोलायचं नसतं. पण बुलबुलाचं कौतुक टाक्यांना जातंय, हे मला सहन होईना.

"आत्याबाई, ते भरलेलं नाही, रंगवलेलं हाये. मले भरता येत नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आई पदराचं टोक पिळत उभी. सासूबाईंनी अंगठा जिभेला लावून शेपटीवर घासला आणि डोळ्यांजवळ नेला. अंगठा लाल झाला होता. त्या हसायला लागल्या, आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत.

"भरणाऱ्या माह्या घरी लय हायेत," त्या आईला म्हणाल्या. "घरात पाखरू आणणारी एक बी नव्हती."

थैली त्यांनी खांद्याला अडकवली ती पंगतीतही काढली नाही. सकाळपासून रुखवताशी उभी असलेली माझी आई तेव्हा कुठे खाली बसली आणि तिने कुणाला तरी चहा आणायला सांगितलं.