थंड पाण्याच्या पाइपावर गुंडाळलेली रुई

मित्रहो, आज सकाळी पांढुर्ण्यातील आमच्या समाजभवनाच्या जिन्यावर सफाई करणाऱ्या कुसुमबाई घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले असून त्यांना नागपूरला नेले आहे.

त्या जिन्याच्या वरून थंड पाण्याच्या मशीनचा पाइप जातो. तो बसवताना प्लंबर रामदासने त्यावर रबरी फोमचे, हवा आत न शिरू देणारे आवरण सुचवले होते. समितीचा सचिव म्हणून मी म्हणालो होतो, "कापूस जिनिंगच्या गावात रबर कशाला? सरकी काढलेली रुई गुंडाळा, वरून गोणपाट शिवा."

आज रामदासने ते गोणपाट उसवले. आतली रुई काळी पडून चिंब झाली होती.

"काकाजी, दमट हवेत थंड्या पाइपाले घाम येते. रुई तो पिऊन राहिली होती. तिचं पोट भरलं, मंग पायरीवर गळली," तो म्हणाला.

गाडीत निजवताना कुसुमबाई मला म्हणाल्या होत्या, "माफ करजा भाऊसाहेब, माह्यंच ध्यान नव्हतं."

मी मान हलवली आणि गाडीचे दार लावले. चूक माझी होती, हे त्यांना सांगायला आता नागपूरला निघालो आहे. त्या पुन्हा चालतील का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

तुमच्या इमारतीतल्या थंड पाइपावर काय गुंडाळले आहे, आणि त्याखालून रोज कोण जाते?